व्यासांच्या बाजूनं

लेखकानं घरातल्या माणसांपासून मनानं अलिप्त राहावं, तरच त्याला नीट दिसतं, असं मी लिहायला लागल्यापासून ऐकत आले आहे. पहिली कादंबरी आली तेव्हा एका ज्येष्ठ समीक्षकांनी पत्रातून हाच सल्ला दिला होता. आता लेखन-शिबिरांना गेले की मुली विचारतात, "ताई, सासर, मुलं, आजारपणं, पाहुणे, एवढ्या सगळ्यात तुम्ही अलिप्त कशा राहता?" मी राहत नाही. राहावं असं मला वाटतही नाही. वैराग्याला सगळ्यांत वरचं आसन देणाऱ्या परंपरेत मी वाढले आणि त्या आसनाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण कादंबरी लिहिणाऱ्याला ते आसन मानवतं का, हे मी त्याच परंपरेतल्या सर्वांत मोठ्या कथाकाराकडे पाहून तपासलं. तिथं मला वेगळं काही मिळालं.

प्रश्न मुळात माझ्या सासऱ्यांचा. आमचं घर साताऱ्याचं, यादोगोपाळ पेठेतलं. दादा शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांचे वडील कीर्तनकार. अर्धांगाचा झटका आला आणि दादांची डावी बाजू गेली. सासूबाई आधीच गेलेल्या, हे बँकेत, मुलगा शिकायला पुण्याला. म्हणून माजघरात दादांचा पलंग लावला आणि त्याच खोलीत खिडकीशी माझं टेबल. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाणीसुद्धा दाट करून चमच्यानं द्यायचं, नाहीतर ठसका लागून ते फुप्फुसात जातं. बोलणं जड झालं होतं, पण समज आणि पाठांतर लख्ख. दुपारी मी त्यांना महाभारत वाचून दाखवायची. घरात चिपळूणकर आणि मंडळीच्या मराठी भाषांतराचे जुने खंड होते, एक-दोन वाळवीनं खाल्लेले सोडले तर शाबूत.

शांतिपर्व चाललं होतं. एका दुपारी मी खूण घालून टेबलाकडे वळले तेव्हा दादांनी विचारलं, "तुझं हे लिहिणं प्रपंचात धरायचं की परमार्थात?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, दादा."

"पुढचं वाच," ते म्हणाले.

पुढं शुकाची कथा होती. शुक म्हणजे व्यासांचा लाडका मुलगा. मोक्षाचा मार्ग समजून घ्यायला व्यास त्याला मिथिलेला जनकाकडे पाठवतात, म्हणजे एका संसारी राजाकडे. शुक तिथून परत येतो आणि पुढं एके दिवशी सगळं मागं टाकून आकाशमार्गानं निघून जातो. बाप हाका मारत त्याच्या मागं जातो. मंदाकिनीच्या पाण्यात अप्सरा उघड्या अंगानं खेळत असतात. तरुण शुक त्यांच्या जवळून जातो तेव्हा त्या हलतसुद्धा नाहीत. म्हातारे व्यास दिसतात आणि एकच धांदल उडते. कुणी पाण्यात बुडी मारते, कुणी झुडपाआड होते, कुणी वस्त्र ओढून घेते. भागवतात ही गोष्ट पुन्हा येते, आणि तिथं व्यास त्यांना कारणच विचारतात. उत्तर मिळतं की तुम्हाला स्त्री आणि पुरुष हा भेद दिसतो, तुमच्या मुलाला दिसत नाही.

कीर्तनात ही गोष्ट शुकाची थोरवी सांगण्यासाठी येते. दादांनी ती लहानपणी वडिलांच्या तोंडून तशीच ऐकलेली. मी मात्र तिथंच थांबले. ज्याला भेद दिसत नाही तो मुक्त असेल, पण तो कादंबरी कशी लिहील? आमचा सगळा व्यवहार भेदावर चालतो. एकाच घरातल्या दोन जावा एकच आमटी वाढतात. एक वाढून झाल्यावर डाव पातेल्याच्या काठावर आपटते, दुसरी आवाज न करता आत ठेवते. माझं लिखाण तिथून सुरू होतं. शुकाला तो आवाज ऐकूच येणार नाही. त्यानं परीक्षिताला भागवत सांगितलं हे खरं, पण ते बापाकडून शिकलेलं होतं. रचलं बापानं, ज्याला पाण्यातल्या बायका बायका म्हणून दिसत होत्या आणि हातून निसटलेला मुलगा मुलगा म्हणून दिसत होता.

आणि कथा तिथं संपत नाही. शुक सगळ्या चराचरात विरून जातो; बापानं हाक मारली की डोंगरदऱ्यांतून ओ येते. व्यास खाली बसतात. आपला मुलगा किती पुढं गेला म्हणून त्यांना समाधान वाटतं, आणि आपण मागं राहिलो म्हणून लाजही वाटते. मग शंकर येऊन त्यांची समजूत घालतात आणि वर देतात: तुझ्या मुलासारखी छाया तुला या जगात नेहमी दिसेल, ती तुला सोडून जाणार नाही. मुलाऐवजी मुलासारखी छाया. महाभारताच्या शेवटाकडे, आश्रमवासिक पर्वात, हेच व्यास स्वतः करतात. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती यांच्यासाठी ते गंगेच्या पाण्यातून युद्धात मेलेल्या सगळ्यांना एका रात्रीपुरते वर आणतात. बाप लेकांना भेटतात, बायका नवऱ्यांना. सकाळी सगळे परत जातात. कादंबरी करते ते याहून जास्त नाही, आणि एवढं करायलासुद्धा मेलेल्यांची ओढ असावी लागते. जो शोक ओलांडून गेला आहे तो कुणाला पाण्यातून कशाला बोलवील?

याच्या विरुद्ध बाजू मला माहीत आहे आणि ती वजनदार आहे. आनंदवर्धनानं वाल्मीकीबद्दल लिहिताना शोकाचा श्लोक झाला असं म्हटलं, त्यावर अभिनवगुप्त भाष्य करतो की हा शोक मुनीचा स्वतःचा समजू नये. मुनी स्वतः त्या दुःखात बुडाला असता तर त्याला काव्य सुचलंच नसतं. शोकाचा रस व्हायचा असेल तर तो 'माझा' राहून चालत नाही. अलिप्ततेचा सल्ला देणारे समीक्षक बहुतेक वेळा, कळत किंवा न कळत, अभिनवगुप्ताचंच म्हणणं सांगत असतात. ते मी मान्य करते, पण एका फरकासह. वाल्मीकीसमोर क्रौंच पक्ष्याचं जोडपं होतं. व्यासांसमोर त्यांचीच नातवंडं होती. विचित्रवीर्याच्या मागं वंश राहावा म्हणून आईच्या सांगण्यावरून नियोगाला गेलेला हा माणूस. त्याचं रूप पाहून अंबिकेनं डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा, अंबालिका पांढरीफटक पडली म्हणून पंडू पांडुर. त्या दोघांच्या मुलांनी एकमेकांना कुरुक्षेत्रावर संपवलं. हे लिहिणाऱ्याला 'माझं नव्हे' असं म्हणायची सोय कुठं होती? आनंदवर्धनानंच महाभारताचा मुख्य रस शांत ठरवला आहे. तो निकाल मला पटतो. पण तो शांतरस अठरा पर्वांच्या शेवटी येतो, आधी हातात घेऊन कुणी लिहायला बसलेलं नाही.

व्यास या कथेत किती वेळा येतात ते एकदा मोजून पाहावं. गांधारीच्या पोटी मांसाचा गोळा येतो तेव्हा तो तुपाच्या कुंभांत वाटून ठेवायला तेच हजर असतात, आणि तिला एक मुलगी हवी आहे हेही त्यांच्या ध्यानात येतं. पंडू गेल्यावर पुढं काय येणार हे ओळखून आईला, सत्यवतीला, वनात जायला तेच सांगतात, म्हणजे कुळाचा नाश तिच्या डोळ्यांना दिसू नये. पांडव वणवण हिंडत असताना ते भेटतात. युद्धानंतर युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसतो तेव्हा समजावायला येतात. हा तटस्थ निवेदक नव्हे. घरात अडचण आली की धावत येणारा आजोबा आहे.

माझ्या मनात सगळ्यांत खोल रुतलेला प्रसंग युद्धाच्या आदल्या वेळचा. व्यास धृतराष्ट्राला म्हणतात, युद्ध पाहायचं असेल तर दृष्टी देतो. धृतराष्ट्र नको म्हणतो. आप्तांचा संहार त्याला पाहवणार नाही, फक्त ऐकायचा आहे. मग ती दृष्टी संजयाला मिळते. हे मी वाचत होते तेव्हा दादांच्या कपाळावर घाम आला होता आणि मी तो पुसत होते. जन्मभर आंधळा राहिलेला माणूस, आणि मिळत असलेले डोळे परत करतो. घरातला आजार, घरातली अपकीर्ती, घरातला कुणाचा हळूहळू होणारा नाश, हे पाहायची वेळ आली की आपण सगळे धृतराष्ट्रासारखे वागतो. कुणीतरी संजय हवा असतो, जो सांगेल आणि आपण नुसतं ऐकू. लिहिणाऱ्याला हे नाकारता येत नाही. आणि हे पाहायचं तर खोलीत थांबावं लागतं. दुरून दिसत नाही. दादांची कूस बदलताना त्यांचा उजवा हात आपोआप निर्जीव डाव्या हाताला जवळ ओढून घ्यायचा, ते मला टेबलाशी बसून कधी दिसलं नसतं.

अलिप्त राहायला सांगणारे लोक घराला लेखनाची अडचण मानतात. वेळेपुरतं ते खरंच आहे, आणि बायकांच्या बाबतीत तर फारच खरं. लेखनिक गणपतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: लेखणी थांबणार नाही ही त्याची अट, आणि अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची. श्वास घ्यायला फुरसत मिळावी म्हणून व्यास मधूनमधून कूट श्लोक घालायचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुऱ्या केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही गोष्ट मूळ संहितेत नाही, परिशिष्टात गेली आहे. पण व्यासांनी तीन वर्षं रोज उठून हे रचलं, हे मूळ संहितेत आहे. मला गणपतीच्या गोष्टीपेक्षा तो 'रोज उठून' जास्त आधार देतो. दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात जेवढं होईल तेवढं मी रोज लिहिलं. त्या कादंबरीची प्रकरणं आखूड आहेत. आजाऱ्याच्या खोलीतला वेळ तसाच तुकड्यांचा असतो, त्यामुळे ती लांबी कादंबरीलाही शोभली.

आता अवघड भाग. आप्तांजवळ राहायचं, त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायचं, आणि मग ते चारचौघांत मांडायचं. हा अधिकार लेखकाला कुणी दिला?

"मी फक्त खरं सांगितलं" हे लेखकाचं नेहमीचं उत्तर. त्याला महाभारतानंच कर्णपर्वात जबाब दिला आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण, नेहमी खरं बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं पळणारे लोक त्याच्यासमोरून रानात शिरतात. दरोडेखोर येऊन विचारतात, आणि कौशिक खरं तेच सांगतो. ते लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो, कारण गांडीव दुसऱ्याला दे असं म्हणणाऱ्याला मारीन ही प्रतिज्ञा खरी करायला अर्जुन मोठ्या भावावर शस्त्र उचलायला निघालेला असतो.

कौशिक आणि व्यास, दोघंही खरं सांगणारे. फरक काय? कौशिकानं दुसऱ्यांचा ठावठिकाणा सांगितला, आणि स्वतः सुरक्षित बसून राहिला. व्यासांच्या ग्रंथात व्यासांचा स्वतःचा जन्म उघडा आहे: होडी वल्हवणारी कुमारी सत्यवती आणि पराशर. आईचं ते गुपित आणि स्वतःचा नियोग, दोन्ही ग्रंथात आहेत. किंमत त्यांनी आधी स्वतःच्या पदरची मोजली. आणखीही एक गोष्ट आदिपर्वात नोंदलेली आहे. धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर जन्मले, वाढले, आणि गेले. त्यानंतरच व्यासांनी माणसांच्या जगात भारत सांगितलं. मुलं हयात असेपर्यंत ते थांबले. आणि सांगितलं ते कुणासमोर? जनमेजयाच्या सर्पसत्रात, म्हणजे त्याच कुळाच्या वंशजासमोर. शिष्य वैशंपायन सांगतो आहे, आणि रचणारा म्हातारा तिथं बसून ऐकतो आहे. कुळाची लाज आणि कुळाचा पराक्रम आधी कुळालाच ऐकवला गेला.

मी यावरून माझ्यापुरतं ठरवलं. दादा गेल्यावर, कादंबरी प्रकाशकाकडे देण्याआधी, मी वन्संना बोलावून घेतलं आणि चार-पाच संध्याकाळी त्यांना ती वाचून दाखवली. कादंबरीतली आई पुष्कळशी सासूबाईंवरून आलेली. मला वाटलं होतं, आईचे कष्ट, दादांचा तापटपणा, हे ऐकून वन्सं दुखावतील. त्यांनी ते सगळं मान देऊन ऐकलं. थांबवलं ते एका वेगळ्याच ठिकाणी. "वहिनी, आई उशीत तोंड खुपसून कधी रडली नाही. ती तांदूळ निवडताना रडायची. मान खाली असायची ना, कुणाला कळायचं नाही." ते वाक्य आता कादंबरीत आहे, आणि माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा वाचकांनी मला त्याबद्दल जास्त पत्रं लिहिली आहेत. आणखी एक प्रसंग वन्संनी काढायला सांगितला. तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला होता आणि त्या हयात आहेत. मी काढला. काय होता ते इथंही सांगणार नाही. त्यानं कादंबरी लंगडी झाली असं मला वाटत नाही, पण झाली असती तरी मी तो काढलाच असता.

म्हणजे घरच्यांना रुचेल तेवढंच लिहायचं का? मुळीच नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं आली. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेलेले. नवऱ्याचा संताप, त्यांचं अवचित घर सोडून जाणं, १८९५ मधलं धर्मांतर आणि त्यानं दोन घरांवर कोसळलेलं आभाळ, बाईंनी काही झाकलं नाही. पण त्या पानांवर लक्ष्मीबाई स्वतःही तितक्याच उघड्या आहेत, त्यांचं सोवळं, त्यांचा हट्ट, त्यांची भीती आणि ते सोवळं गळून पडणं यांसकट. म्हणून त्या पुस्तकात टिळक लहान होत नाहीत. व्यासांच्या बाजूचं लिखाण मी म्हणते ते हेच.

संतचरित्रांत मात्र एक बाई माझी नेहमी वाट पाहत बसलेली दिसते: तुकोबांची आवली. तुकोबांनी सावकारीच्या खतांपैकी भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. ऋणकोंची सुटका झाली, हे थोरच. पण त्या दिवशी संध्याकाळी देहूच्या त्या घरात, ज्या घरातली पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली होती, चुलीवर काय होतं? महिपतीच्या कथनात आवली कजाग म्हणून येते. भक्ताच्या नजरेला ती तशी दिसणार. कादंबरीकाराची जागा त्या चुलीजवळ आहे. तिथं बसून तुकोबांची थोरवी कमी होत नाही. ती कुणाच्या जिवावर उभी होती, तेवढं कळतं.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना शुकाची कथा संपवली त्याच आठवड्यात दिलं होतं. म्हटलं, "दादा, माझं लिहिणं प्रपंचात धरा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग नीट कर." सज्जनगडाच्या पायथ्याच्या गावांत समर्थांचं नाव घेत वाढलेल्या माणसाचं ते उत्तर होतं. बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांनीच दासबोधात लोकांना आधी प्रपंच नीट करायला सांगितलं आहे.

जे तरुण लिहू पाहतात त्यांना माझी विनंती आहे. घरापासून दूर जाऊन लिहिण्याची सोय मिळाली तर जरूर घ्या. वेळ कुणालाही पुरत नाही. पण मन दूर नेऊ नका. घरच्यांवर लिहिलंत तर छापण्याआधी त्यांच्यासमोर बसा आणि तोंडानं वाचून दाखवा, हस्तलिखित हातात देऊन मोकळे होऊ नका. त्यांनी रागानं उठून जायचं ठरवलं तर त्यांच्या मागं जा. आणि तुमच्या घरात कुणी लिहीत असेल, तर त्यानं बोलवल्यावर ऐकायला बसा. तांदूळ कुणी कधी निवडले, हे तुम्हालाच ठाऊक असतं.